हवालदारमामांचा तिसरा रकाना

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण फ्लेक्सवर छापून चौकात टांगलेला मूर्खपणा एकच. आठ बाय दहाचा फ्लेक्स. डावीकडे मोत्यांची माळ घातलेली मी, उजवीकडे माझ्याच आकाराचा पांढरा उंदीर आणि मध्ये सोनेरी अक्षरांत 'विसराळू उंदरांना गाढ झोप! मॅडमचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. आमचे हे स्कूटर थांबवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कोण मॅडम आणि कोण उंदीर, ते लिहायला हवं होतं."

तर गाढ झोप वगैरे काही नव्हती. साधी डुलकीसुद्धा नव्हती. ते उंदीर नुसते पडले होते.

झोपणं आणि पडणं यातला फरक खरं म्हणजे कुठल्याही मराठी बाईला कळतो. दुपारी ओटा आवरला की आपण म्हणतोच, "जरा पडते." त्या पडण्यात डोळे मिटलेले असतात आणि कान शिट्टीकडे, दाराकडे, शेजारणीच्या भांडणाकडे असतात. मी पंचवीस वर्षं सुट्टीच्या दिवशी दुपारी पडत आले होते, आणि तरी मला हा फरक शिकवायला सैन्यातून निवृत्त झालेला एक हवालदार लागला.

त्यांचं नाव आनंदा साळुंखे. कराड आणि इस्लामपूरच्या मध्ये, चहूबाजूंनी उसात बुडालेलं आमचं फार्मसीचं कॉलेज. मी तिथे औषधशास्त्र शिकवायची आणि आनंदा साळुंखे तिथलं प्राणिघर सांभाळायचे. कॉलेजात शिपायाला मामा म्हणायची पद्धत, म्हणून ते हवालदारमामा. नोकरी सैन्याच्या खेचरांवर झालेली. मुलाखतीत प्राचार्यांनी विचारलं, "उंदीर सांभाळलेत का कधी?" मामा म्हणाले, "न्हाई साहेब. पन खेचर ज्यानं संभाळलं त्येला देवबी संभाळता येतो." नेमणूक तिथेच झाली.

मामा अंगाने सडसडीत. मिशा पांढऱ्या, पण टोकाला अजून सैन्यात असल्यासारख्या ताठ. सकाळी सात म्हणजे सात. आधी पिंजऱ्यांची गिनती. प्रत्येक पिंजऱ्यापुढे थांबून आत बघायचं, बोटाने मोजायचं आणि मी आले की टाचा जुळवून सांगायचं, "अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस हाजिर, मॅडम! एक शिंकतोय." उंदरांना ते 'उंदरं' म्हणत, पण लाडात आले की 'जवान.' गळीत हंगामात कारखान्याची काजळी खिडकीतून आत यायची, तेव्हा हा माणूस ओल्या फडक्याने एकेक गज पुसत बसायचा. मी म्हणे, "मामा, एवढं कशाला?" तर म्हणत, "आवं मॅडम, पांढरं कपडं हायत त्यांचं."

आता माझी गंमत सांगते. पन्नाशीला टेकल्यावर मला पीएच.डी.ची हौस आली. मुलगी लग्न होऊन गेलेली, मुलगा पुण्यात, घरात आम्ही दोघं आणि एक फ्रिज. मी विषय घेतला अल्झायमरचा, म्हणजे विस्मरणाच्या त्या आजाराचा. या आजारात स्मरणाबरोबर झोपही विस्कटते. आणि झोपेत मेंदूतला साचलेला कचरा वाहून जातो, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं. मग झोप सुधारली तर आजारही थोडा मागे हटेल का? हे आधी उंदरांवर बघतात. औषध देऊन काही उंदीर विसराळू करायचे, त्यांतल्या निम्म्यांना झोप आणणारं औषध द्यायचं, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि कोण किती झोपतं, कुणाला काय आठवतं, ते मोजायचं. माझी नात हल्ली विचारते, "आजी, तू उंदरांना अंगाई म्हणायचीस?" अंगाई म्हटली असती तर निदान फ्लेक्स तरी लागला नसता.

मामांना मी हे सगळं पहिल्याच दिवशी फळ्यावर चित्र काढून समजावलं. मी तेव्हा माणसांना फार समजावून सांगत असे. चष्म्याला साखळी होती, तिचा तो परिणाम असावा. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी झोप म्हंजी डोस्क्यातली मोरी धुनं."

"तसंच समजा."

"आनि झोपंचं औशद सकाळी सातला द्यायाचं?"

"उंदीर दिवसा झोपतात, मामा. रात्री जागतात."

"म्हंजी कायम नाइट ड्यूटी." त्यांनी पिंजऱ्यांकडे मोठ्या आदराने पाहिलं. त्या दिवसापासून प्राणिघरात दिवसा कुणी मोठ्याने बोललं की मामांचे डोळे मोठे होत.

या शिस्तीत आमच्या संस्थेचे अध्यक्षसुद्धा सापडले. साहेब आले की आमच्याकडे झाडंही उठून उभी राहतात. एकदा अकराच्या सुमाराला ते दहा-बारा माणसं घेऊन 'मॅडमचे उंदीर' बघायला आले. मामा दारात आडवे.

"थांबा साहेब. आत झोपल्यात."

"कामाच्या वेळेला कोण झोपलंय?" साहेबांचा आवाज चढला.

"उंदरं."

"मग उठवा की!"

"तशी ऑर्डर न्हाई."

"अहो, ऑर्डर काढणारा मीच!"

मामांनी टाचा जुळवल्या. "साहेब, तुमी संस्थेचं. उंदरं प्रयोगाची हायत."

मी मागे उभी राहून माझ्या नोकरीचा मनातल्या मनात तेरावा घालत होते. पण साहेबांनी एकदा मामांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या मिशांकडे पाहिलं आणि गुपचूप बूट काढले. एकटेच आत गेले, चवड्यावर. बाहेर येऊन माझ्या कानाशी कुजबुजले, "आमची वार्षिक सभा अशी शांत होईल असं काही औषध आहे का?" गाडीत बसेपर्यंत सगळा लवाजमा कुजबुजतच बोलत होता.

आता मूळ भांडण. दर दहा मिनिटांनी प्रत्येक पिंजऱ्यात डोकावून नोंद करायची, हे मामांचं काम. कुठल्या पिंजऱ्यात औषध आणि कुठल्यात पाणी, हे त्यांना सांगायचं नाही, म्हणजे नोंद करणाऱ्याचं मन कुठे झुकत नाही. पिंजऱ्यांना फक्त पिवळ्या आणि हिरव्या चिठ्ठ्या. मी छान छापील तक्ते केले होते. दोन रकाने. झोप आणि जाग.

दुसऱ्या दिवशी मामा तक्ता घेऊन आले. "मॅडम, ह्यात एक रकाना कमी हाय."

"कुठला?"

"पडलंय."

मी हसले. आता आठवलं की त्या हसण्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. "मामा, शास्त्रात असं काही नसतं. डोळे मिटलेत, हालचाल नाही, म्हणजे झोप."

"न्हाई वं. ह्ये बघा." मला त्यांनी पिंजऱ्यापाशी नेलं. दोन उंदीर शेजारी शेजारी गोळा होऊन बसलेले. मला तर जुळे दिसले. "ह्यो झोपलाय. ह्यो पडलाय."

"कशावरून?"

"मिशी बघा. झोपलेल्याची मिशी पडती. पडलेल्याची मिशी जागी ऱ्हाती." मग म्हणाले, "खेचर उभ्यानं झोपतंय मॅडम, आनि मानूस आडवा पडून जागा ऱ्हातोय. आडवं-उभं बघून चालत न्हाई."

हे वाक्य मी तिथल्या तिथे लिहून घ्यायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "दोनच रकाने भरा. हा हुकूम आहे समजा."

हुकूम म्हटल्यावर विषय संपला. मामांनी टाचा जुळवल्या आणि पुढचे तीन महिने दोनच रकाने भरले, टाइपरायटरने छापावेत तशा अक्षरात.

याच काळात एका रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. घर आष्ट्याच्या रस्त्याला, कालव्यापासून हाकेच्या अंतरावर. शाळूची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, लसणाची चटणी. वाढायला सून होती. मामांच्या बायकोला, अंजाक्कांना, ओसरीवर बसवलेलं. नऊवारी नेसलेल्या, ठसठशीत कुंकू, डोळे तल्लख. मंडळींना विसर पडतो एवढं मामा बोलले होते, पण मला वाटलं, या बाईला काय झालंय? तेवढ्यात मामा पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि अंजाक्का पदर सावरून म्हणाल्या, "आवं पोस्टमन, आमच्या हवालदाराचं पत्र हाय का?"

मामा क्षणभरही अडखळले नाहीत. खिशातून विजेचं बिल काढलं, उघडलं आणि वाचायला लागले. "प्रिय अंजना, मी हिकडं खुशाल हाय. बर्फ लय हाय. खेचर बरं हाय. तू जिवाला जप."

अंजाक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघितलं का बाई? खेचराचं आदी. माझं मागनं."

मी हसू दाबताना चटणीने ठसकले. मामा मात्र हसत हसतच सांगत होते. लग्नानंतरची वर्षंच्या वर्षं ते घरी आले ते पत्रातून, त्यामुळे अंजाक्कांच्या आठवणीत नवरा अजून सरहद्दीवर आणि हा रोज येणारा म्हातारा पोस्टमन. "चहात साखर दोन चमचं जादा घालत्यात पोस्टमनला," मामा म्हणाले. "नवरा म्हनून येवढी साखर कवा मिळाली न्हाई."

मला पोचवायला फाटकापर्यंत आले तेव्हा आवाज बदलला. अंजाक्का रात्री डोळे मिटून पडतात, पण झोपत नाहीत. मामांचा डोळा लागला की कडी काढतात आणि नवऱ्याला आणायला निघतात. दोनदा एसटीच्या थांब्यावर सापडल्या. तिसऱ्यांदा कालव्याच्या काठावर. "तवापास्नं मी झोपत न्हाई," मामा म्हणाले. "मीबी नुसता पडतो. मॅडम, आपलं औशद गुणाचं निघालं, तर मंडळीला मिळंल का?"

खरं उत्तर मला पाठ होतं. उंदरावरचं औषध माणसापर्यंत यायला वर्षंच्या वर्षं जातात, आणि बहुतेक औषधं वाटेतच राहतात. वर्गात हे मी दरवर्षी ठणकावून सांगत होते. पण त्या फाटकापाशी मला कुणीतरी प्रथमच मोठ्या शास्त्रज्ञाला विचारावं तसं विचारत होतं, त्यामुळे मी चष्म्याची साखळी सारखी केली आणि म्हणाले, "बघू या मामा. निकाल फार चांगले येतायत."

तक्त्यांतली बेरीज झाली. पिवळ्या चिठ्ठीवाले उंदीर हिरव्यांपेक्षा कितीतरी जास्त झोपले होते! एकच गोष्ट खटकत होती. स्मरणाच्या चाचणीसाठी आमच्याकडे पाण्याचा एक गोल हौद होता. पाण्याखाली लपवलेला ओटा कुठे आहे, हे उंदराने आठवणीने शोधायचं. पिवळे उंदीर एवढे झोपूनही ओटा विसरतच होते. मी स्वतःची समजूत घातली, की स्मरण सुधारेल हळूहळू. झोप तर आली! स्टाफ मीटिंगमध्ये मी उठून हे सांगितलं, आणि आमच्या प्राचार्यांना कुठल्याही शुभ बातमीवर फ्लेक्स एवढा एकच उपाय माहीत.

फ्लेक्स लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन प्राणिघरात गेले. "मामा, आता सांगायला हरकत नाही. पिवळी चिठ्ठी म्हणजे औषध! तुमच्या मंडळींना झोप लागणार बघा."

मामांनी पेढा घेतला. तोंडात घातला नाही, खिशात ठेवला. "पिवळी व्हय?" एवढंच म्हणाले आणि गज पुसायला लागले. सकाळीच पुसलेले होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक जुनी, कडक पुठ्ठ्याची डायरी. मामा समोर सावधानमध्ये उभे. मी उघडली. तीन महिन्यांची प्रत्येक दहा मिनिटं. झोपलंय, पडलंय, जागं. तीन रकाने.

"मामा, मी दोनच सांगितले होते!"

"तुमच्या कागदावर हुकमापरमानं लिवलं. डायरीत डोळ्यापरमानं."

मी उभ्या उभ्याच बेरीज केली. मग बसून केली. पिवळ्यांची खरी झोप हिरव्यांइतकीच होती. वाढलं होतं ते पडणं. माझ्या औषधाने उंदीर झोपत नव्हते, नुसते गळून पडत होते. मिटल्या डोळ्यांनी, जाग्या मिशांनी. मग ओटा कशाला आठवेल? मोरी धुतलीच गेली नव्हती.

घशाशी आलेलं पहिलं वाक्य शास्त्राचं नव्हतं. मी म्हणाले, "मामा, फ्लेक्स लागलाय हो."

"व्हय. दिसतोय रस्त्यावनं."

"आणि तुम्हालाच तर हे औषध हवं होतं! ही डायरी दाखवली नसतीत तर कुणाला कळलं असतं?"

"हवं हाय म्हनून तर दावली, मॅडम. मंडळी पडतीया ते मला रोज दिसतंय. झोपल्या म्हनून तुमी कागदावर लिवलं, तर मी निवांत झोपंन. आनि कालव्याला काय तुमचा कागद वाचता येतोय व्हय?"

मी डायरी मिटली. मग पुन्हा उघडली, कारण करायचं काम तेवढंच उरलं होतं.

प्राचार्यांना सांगितलं तेव्हा ते हादरले. "मॅडम, 'उंदीर पडले' असा फ्लेक्स कसा छापायचा?" माझ्या मार्गदर्शकांना फोन केला. मी फुशारकीने म्हणाले, सर, मला एक तिसरी अवस्था सापडली आहे. मग सर म्हणाले, "बाई, ती सगळ्यांना सापडलेली आहे. नुसतं निश्चल असणं म्हणजे झोप नव्हे, हे पुस्तकात आहे. तुम्ही शिकवता त्याच पुस्तकात." म्हणजे जगाला माहीत होतं, पुस्तकाला माहीत होतं, खेचरांच्या हवालदाराला माहीत होतं. राहता राहिले मी. प्रबंध पुढे दोन वर्षांनी झाला, औषधाने झोप येत नाही या निष्कर्षासह, तीन रकान्यांचा. प्रयोगाच्या शेवटी उंदरांचं काय करावं लागतं ते मी इथे लिहीत नाही. त्या दिवशी मामांनी रजा टाकली होती, आणि त्या दिवसाची मी कधी थट्टा केलेली नाही.

फ्लेक्स उतरवायला मीच मामांना घेऊन गेले. शिडीवरून त्यांनी विचारलं, "ह्येचं काय करनार?"

"जाळून टाका."

"छ्या! पानी धरत न्हाई ह्ये. न्हेतो मी."

औषध मिळालं नाही, पण डायरीची सवय मामांच्या हाताला होतीच. ते तीन रकाने त्यांनी घरी चालू केले. अंजाक्कांचे. काही महिन्यांनी मी त्या दोघांना मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी डायरीची पानं उलटली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हे कुणा शास्त्रज्ञाने लिहिलंय का?" मी म्हणाले, "नाही, शास्त्रज्ञ मी आहे." त्यांनी डायरीवरून ओळखलं, की अंजाक्का दिवसाच बऱ्याचशा झोपून घेतात, म्हणून रात्री जागतात. उंदरांसारखी नाइट ड्यूटी. मग सकाळचं ऊन, चालणं, संध्याकाळचा चहा बंद. जादू झाली नाही. पण डायरीत रात्रीच्या पानांवर 'झोपलंय' अधूनमधून दिसायला लागलं, आणि कडीचा आवाज कमी झाला.

मी निवृत्त होऊन साताऱ्याला आले, आजी झाले. गेल्या हिवाळ्यात सांगलीला एका लग्नाला गेले होते, तेव्हा परतताना आष्ट्याच्या रस्त्याला गाडी वळवली. मामा अंगणात वैरण कापत होते. मिशा आता टोकालाही नरमलेल्या. मला बघून विळा ठेवला आणि टाचा जुळवल्या, पण एक टाच उशिरा पोचली.

"दोनाच्या दोन हाजिर, मॅडम," म्हणाले. "बसा, पानी आनतो." आणि आत गेले.

गोठ्याशेजारी बांबूंचा मांडव होता आणि त्याच्यावर माझा फ्लेक्स, छापील बाजू खाली. खालच्या बाजेवर अंजाक्का निजलेल्या. म्हणजे रोज दुपारी त्या माझं तोंड बघत झोपत होत्या. मी फिकट होऊन ओळखू येईनाशी झाले होते. उंदीर मात्र टवटवीत होता. बाजेच्या खुराला दोरीने बांधलेली डायरी आणि पेन्सिल.

अंजाक्कांचे डोळे मिटलेले, हात पोटावर, श्वास संथ. मी वाकले. पन्नास वेळा बघितलं, पण बाईमाणसाला मिशी नसते. शेवटी आत गेलेल्या मामांना हळूच हाक मारली, "मामा, झोपल्यात का हो?"

अंजाक्कांनी डोळे उघडले नाहीत. माझा हात मात्र चाचपडून बरोबर धरला, जवळ ओढला आणि कुजबुजल्या, "न्हाई गं बाई, नुसती पडलीया. त्या पोस्टमनला सांगू नगंस, त्यो समदं लिवून ठेवतो."